सॅम माणेकशांना डॉक्टर व्हायचं होतं! मग पोराचं फौजेत जायचं नक्की ठरतं कधी?

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलगा पाचवीत आहे आणि घरात सध्या एकच विषय चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, सहावीसाठी सैनिक शाळेची परीक्षा द्यायला लावायची. सासरे सुभेदार होते, त्यामुळे घरात फौजेचं कौतुक पहिल्यापासून आहेच आणि मलाही ते आहे. माझा विरोध फौजेला नाही, वयाला आहे. दहा वर्षांच्या पोराचं आपण कसं ठरवायचं?

यावरून वाद चालू असताना नवरा म्हणाला, मोठे अधिकारी लहानपणापासूनच तयार होतात, आपले सेनाप्रमुख झालेले फील्डमार्शल सॅम माणेकशांचं बघ. म्हणून बघितलं, तर वेगळंच निघालं. जन्म ३ एप्रिल १९१४ चा, अमृतसरचा. वडील डॉ. होरमसजी, आई हिल्ला, घराणं मूळ वलसाडकडचं. सहा भावंडांत सॅम पाचवे. शाळा नैनितालची शेरवुड, म्हणजे बोर्डिंगच. पंधराव्या वर्षी ज्युनिअर केंब्रिज करून तिथून बाहेर पडले, १९३१ ला सिनिअर केंब्रिज, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, डिस्टिंक्शनमध्ये. आणि मग वडिलांना म्हणाले काय, तर मला लंडनला पाठवा, डॉक्टर व्हायचंय, तेही स्त्रीरोगतज्ज्ञ! वडील म्हणाले तू अजून लहान आहेस, आणि दोन मोठे भाऊ इंजिनिअरिंगला तिकडे आहेतच, त्यांचा खर्च चालू आहे. झालं, पोरगं बिनसलं. अमृतसरच्याच हिंदू सभा कॉलेजात सायन्सला गेले आणि एप्रिल १९३२ मध्ये थर्ड डिव्हिजन मिळाली. त्याच उन्हाळ्यात डेहराडूनला नव्याने निघणाऱ्या मिलिटरी अकादमीची प्रवेश परीक्षा होती, ती वडिलांच्या मनाविरुद्ध दिली. खुल्या स्पर्धेतून पंधरा जण घ्यायचे होते, त्यात सहावा नंबर.

म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत फौज डोक्यातसुद्धा नव्हती असं दिसतंय. मग ज्यांच्या घरी कुणी फौजेत आहे किंवा जे स्वतः गेलेत त्यांना विचारायचंय, हे ठरतं कधी? आणि सहावीतच टाकावं का?

तांबडी_माती
थर्ड डिव्हिजनवाला फील्डमार्शल! आमच्या बारावीच्या चिरंजीवांना हा धागा चुकूनही दिसता कामा नये, नाहीतर फ्रेम करून अभ्यासाच्या टेबलावर लावेल.

गडकोट
ताई, एक गोष्ट सुटतेय. नुसतं बिनसून चालत नाही, जायला दार लागतं. ते दार त्याच वर्षी उघडलं.

त्याआधी भारतीय मुलाला अधिकारी व्हायचं तर इंग्लंडात सॅंडहर्स्टला जावं लागायचं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. अख्ख्या देशाला दहा! शिवाय तिकडचा खर्च बापाने करायचा, म्हणजे संस्थानिक, जहागीरदार आणि बडे सरकारी नोकर यांचीच पोरं. अकादमी इथेच काढा अशी मागणी आपले पुढारी कितीतरी वर्षं करत होते. शेवटी १९३१ मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १ ऑक्टोबर १९३२ ला डेहराडूनला रेल्वे स्टाफ कॉलेजच्या जागेत पहिली तुकडी हजर झाली. औपचारिक उद्घाटन १० डिसेंबरला. पहिल्या तुकडीत चाळीस जण: पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा फौजेतल्याच शिपायांमधून निवडलेले, दहा संस्थानांच्या सैन्यातले. या चाळिसातले बावीसच शेवटपर्यंत टिकले.

आता विचार करा. होरमसजींनी 'जा लंडनला' म्हटलं असतं तर? किंवा अकादमी दोन-तीन वर्षं उशिरा निघाली असती तर? अमृतसरमध्ये एक चांगला डॉक्टर झाला असता, बस. मला तरी यात पोराच्या जिद्दीइतकाच काळाचा हात दिसतो.

अबोली_३
वाचतेय. छान धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

नांगरट
गडकोट यांची माहिती चांगली आहे पण माझं मत थोडं कडक आहे, राग मानू नका. माणेकशांची थर्ड डिव्हिजन आपण फार कौतुकाने सांगतो. ती कुणाची होती ते बघा ना. बाप डॉक्टर, भाऊ विलायतेत, स्वतः नैनितालच्या इंग्रजी बोर्डिंगात वाढलेला, सिनिअर केंब्रिज पास. १९३२ साली किती पोरं कॉलेजात जात होती? अकादमीच्या परीक्षेत इंग्रजी लागत होतं, गोऱ्या साहेबांसमोर मुलाखत होती. तिथे हे पोरगं न घाबरता बोललं असणार, कारण शेरवुडने तेवढं शिकवून सोडलं होतं. आमच्या बीड-लातूरकडच्या झेडपी शाळेतल्या पोराला 'मार्कांचं काही नसतं रे, माणेकशांना पण थर्ड क्लास होता' असं सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. त्याला गणित आलंच पाहिजे, इंग्रजी आलंच पाहिजे, तेव्हा कुठे एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा पेपर सुटतो. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, दरवर्षी बघतो. पळायला, पुलअप्सला आमची पोरं एक नंबर, आणि लेखी परीक्षेत अडकतात. एनडीएच्या लेखीत नऊशे मार्क असतात, त्यातले तीनशे निव्वळ गणिताचे.

सुभेदारांचा_नातू
नांगरट सर, अर्धं पटलं. पण त्याच पहिल्या तुकडीकडे परत बघा.

त्या चाळिसांतून पुढे तीन देशांचे सेनाप्रमुख निघाले. आपले माणेकशा, पाकिस्तानचे जनरल मुहम्मद मुसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन. यातले मुसा आणि स्मिथ डन दोघंही शिपाई म्हणून भरती झालेले! मुसा क्वेट्याचे, हजारा जमातीचे, १९२६ ला साधे भरती झाले होते. स्मिथ डन कारेन जमातीचे, बर्मा रायफल्समधले. नैनिताल नाही, केंब्रिज नाही, विलायतेतले भाऊ नाहीत. शिपाईगिरी करता करता निवडले गेले आणि डॉक्टरच्या पोराच्या शेजारी त्याच परेड ग्राउंडवर उभे राहिले. मग बोर्डिंगमुळे झालं असं कसं म्हणता येईल?

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण आमच्या वडिलांनी तसंच केलं. शिपाई म्हणून लागले, पलटणीत असताना रात्री कंदिलावर अभ्यास करून आर्मी कॅडेट कॉलेजची परीक्षा दिली, आणि अधिकारी होऊन बाहेर पडले. आजोबा सुभेदार मेजर होऊन निवृत्त झालेले. वडील खांद्यावर स्टार लावून पहिल्यांदा गावी आले तेव्हा आजोबांनी दारातच पाय जुळवून सॅल्यूट ठोकला. वडिलांना काय करावं सुचेना, त्यांनी सॅल्यूट घेतला आणि लगेच वाकून पाया पडले. आजी आत निघून गेली, तिला रडू आवरेना. आमच्या घरात हे अजून सांगितलं जातं.

तांबडी_माती
@नातू, हे वाचून अंगावर काटा आला राव.

मीठभाकर
मी सातारच्या सैनिक शाळेचा माजी विद्यार्थी. रानजाई ताई, तुमचा प्रश्न थेट आमच्या गल्लीतला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आमची शाळा १९६१ ची, देशातली पहिली सैनिक शाळा. मी सहावीत गेलो, गाव माण तालुक्यात. फौजेचं मला तेव्हा काय कळत होतं? काही नाही. बापाने सांगितलं तिथे जेवायला चांगलं मिळतं आणि घोडा बसायला मिळतो, एवढ्यावर गेलो. पहिल्या रात्री डॉर्मिटरीत लाइट गेल्यावर एका कोपऱ्यातून मुसमुसण्याचा आवाज आला, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग सगळीकडून. कुणी कुणाला चिडवलं नाही. सकाळी नववीतला एक दादा आला, म्हणाला पलंग असा लावायचा. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, घोंगडीची घडी कशी चौकोनी काढायची, ते त्याने माझ्या पलंगावर करून दाखवलं, परत उसकटलं आणि म्हणाला आता तू. बुटाला पॉलिश लावताना आधी ओल्या फडक्याने माती काढायची, मग पॉलिश बोटाला गुंडाळलेल्या कापडाने गोल गोल, आणि ब्रश शेवटी. अजून माझ्या हाताला तीच सवय आहे.

पण खरं सांगायचं तर आमच्या बॅचमधली बरीच मुलं फौजेत गेली नाहीत. मीही नाही गेलो, डोळ्यांमुळे. कोण कलेक्टर ऑफिसात, कोण डॉक्टर, एकजण तर उत्तम द्राक्षबागायतदार आहे. सैनिक शाळा म्हणजे शिक्का नाही हो. दहा वर्षांच्या पोराचं आयुष्य ठरतं असं समजू नका, त्याला शिस्त, मैदान आणि इंग्रजी मिळतं. नांगरट सर जे म्हणतात ना, शेरवुडने सॅमना तयार करून सोडलं, ते काम आमच्यासारख्या कोरडवाहू गावातल्या पोरांसाठी सातारच्या शाळेने केलं. या शाळा त्यासाठीच काढल्या.

नांगरट
मीठभाकर, हे मान्य. एकदम मान्य.

रानजाई
मीठभाकर दादा, पहिल्या रात्रीचं वाचून माझा निर्णय अजूनच डळमळला! नवऱ्याला तुमची बाकीची पोस्ट वाचून दाखवली, तेवढा भाग गाळून.

पेठेतला
माणेकशांच्या काळी एनडीए नव्हतीच हेही नवऱ्याला सांगा. खडकवासल्याची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ ची, त्याआधी डेहराडूनलाच जानेवारी १९४९ पासून तिन्ही दलांच्या मुलांचं एकत्र शिक्षण सुरू झालं, आणि मग ते सगळं १९५४-५५ च्या सुमारास इकडे आलं. आणि सैनिक शाळाच पाहिजे असंही नाही. जनरल मनोज नरवणे ज्ञानप्रबोधिनीचे. आमच्या सदाशिव पेठेत! वडील हवाई दलात, आई सुधा नरवणे आकाशवाणी पुणे केंद्रावर. तिथून एनडीए, मग आयएमए म्हणजे डेहराडूनची तीच मिलिटरी अकादमी, मग १९८० ला शीख लाइट इन्फंट्री, आणि शेवटी सेनाप्रमुख.

तांबडी_माती
आलं, पुणं आलं. पन्नास प्रतिसादांच्या आत आलं.

पेठेतला
जिथे आहे तिथे सांगणारच ना!

गडकोट
अवांतर: खडकीलाही विसरू नका. प्रेमिंद्रसिंग भगत, जन्म १९१८ चा रंगूनमधला, बाराव्या वर्षी म्हणजे १९३० ला डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजात घातले. ते अगदी रानजाई ताईंच्या नवऱ्याला हवं तसं उदाहरण आहे, लहान वयातच लष्करी शाळा. तिथून आयएमए, आणि १९३९ ला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, ज्यांचं घर खडकी. १९४१ मध्ये आफ्रिकेच्या आघाडीवर रस्त्यातले सुरुंग काढत दिवसरात्र पुढे जात राहिले, एका कानाचा पडदा फाटला तरी थांबले नाहीत, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाचं बाराव्या वर्षी ठरलं, एकाचं अठराव्या. दोन्ही रस्ते आहेत.

सतलजकाठी
मी मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं अमृतसरला आहे. या धाग्यात एका गोष्टीचा कुणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहितो.

१३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा सॅम जेमतेम पाच वर्षांचे होते. घर याच शहरात. त्या दिवशी हे कुटुंब नेमकं कुठे होतं त्यात मी शिरत नाही. पण त्यानंतर या शहरात मार्शल लॉ लागला, एका गल्लीत तर हिंदी माणसांना पोटावर सरपटत जायला लावलं. ती गल्ली मी पाहिलीय, अरुंद आहे, दोन्ही बाजूंना घरं, आज मुलं तिथून सायकली काढतात. बागेच्या भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणाही पाहिल्यात. अशा शहरात वाढलेला मुलगा तेरा वर्षांनी त्याच सरकारच्या फौजेची परीक्षा देतो. १९३२ म्हणजे सविनय कायदेभंगाचं वर्ष, गांधीजी तुरुंगात. मला याचा राग येत नाही, पण नुसतं 'बंड करून फौजेत गेले' असं म्हणून पुढे जाता येत नाही. बंड घरातल्या बापाविरुद्ध होतं, आणि गावातली कितीतरी पोरं तेव्हा दुसऱ्या बंडासाठी तुरुंगात जात होती.

नांगरट
सतलजकाठी, फार मोलाचं लिहिलंत. हा प्रश्न मलाही पडतो.

जुना_बाण
वय झालंय, मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. पायदळातून निवृत्त.

सतलजकाठी यांचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळू नये. पण अकादमी इथे काढा हे आपल्याच पुढाऱ्यांनी भांडून घेतलं होतं. फौजेत भारतीय अधिकारी वाढवायचा विचार करायला १९२५ ला जी स्कीन समिती बसली तिच्यात मोतीलाल नेहरूंना घेतलं होतं, जिना होते. आपल्या महाराष्ट्रात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी तर १९३७ ला नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढलं. विचार वेगवेगळे, पक्ष वेगवेगळे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं की उद्या देश आपला झाला तर फौज चालवायला आपली माणसं पाहिजेत, ती आत्तापासून शिकली पाहिजेत. १९४७ ला ती माणसं तयार होती म्हणून निभावलं. नसती तर कोण उभं राहिलं असतं काश्मीरला? त्यामुळे तुरुंगात गेलेला मुलगाही माझा आणि डेहराडूनला गेलेला मुलगाही माझा.

दुसरं. शिक्षण शिक्षण काय म्हणताय, माणेकशांचं खरं शिक्षण मला भाषेत दिसतं. अमृतसरला वाढले म्हणून पंजाबी तोंडात होती. अकादमीतून निघाल्यावर आधी लाहोरला एका गोऱ्या पलटणीबरोबर राहायला लागलं, तो तेव्हाचा नियमच होता, आणि मग फ्रंटियर फोर्स रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये. तिथे पठाण जवान होते तर हे पश्तो शिकले, नुसतं मोडकंतोडकं नाही, १९३८ ला वरच्या दर्जाची दुभाष्याची परीक्षा पास केली. पुढे गुरख्यांमध्ये गेले तर त्यांचे सॅम बहादूर झाले. मी स्वतः पंजाबी पलटणीत होतो, मराठी माणूस. पहिले काही महिने जवान माझ्याशी अदबीने बोलायचे आणि आपसात वेगळंच बोलायचे. एका थंडीत पोस्टवर शेकोटीभोवती बसलो असताना एका बुजुर्ग हवालदाराने मला 'टप्पे', म्हणजे पंजाबी लोकगीतं, शिकवले, मी माझ्या पद्धतीने म्हटले, सगळे पोट धरून हसले, आणि त्या रात्रीपासून माझ्यासमोर घरची भांडणं, जमिनीचे वाद, बायकोचं आजारपण सगळं येऊ लागलं. अधिकाऱ्याला हे कळलं नाही तर त्याला काहीच कळलं नाही. रानजाई, मुलाला सैनिक शाळेत घाल नाहीतर नको घालू, पण त्याला हिंदी नीट येऊ दे, सगळ्या प्रकारच्या पोरांत खेळू दे.

सुभेदारांचा_नातू
काका, सॅल्यूट. चेटवुडनी अकादमीच्या उद्घाटनाच्या भाषणात जे सांगितलं ते तिथल्या सभागृहात कोरलेलं आहे: देशाची सुरक्षा, मान आणि भलं नेहमी सर्वात आधी, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचं, आणि स्वतःची सोय नेहमी सर्वात शेवटी. ते माणेकशांच्या बॅचसमोरच सांगितलेलं आहे. वडिलांना ते तोंडपाठ आहे, आणि घरी पंगतीला अजूनही ते शेवटी जेवतात.

वेलदोडा
आईच्या बाजूने लिहिते. माझा मुलगा सध्या खडकवासल्याला आहे, त्यामुळे फार खोलात लिहिणार नाही. तो साध्या शाळेत शिकला, दहावीपर्यंत क्रिकेट आणि वडापाव एवढंच. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची परीक्षा दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही राज्य सरकारची संस्था आहे, १९७७ पासून, अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी करून घेतात. तिथे त्याचं ठरलं. आम्ही ठरवलं नाही.

पहिल्या टर्मला फोन आला की एकच वाक्य: 'आई मी ठीक आहे.' आवाजावरून कळायचं किती ठीक आहे ते! रगडा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. फ्रंट रोल मारून मारून पाठ सोलवटलेली. तिथे सगळीकडे सायकलने जायचं, तेही रांगेत, आणि सायकल पंक्चर झाली तर ती खांद्यावर घेऊन बाकीच्यांबरोबर पळायचं. सुट्टीत घरी आला तेव्हा आधी स्वतःचं ताट घासून ठेवलं, मग बाबांचं. मी बघतच राहिले.

आणि मुली असलेल्या आयांनो, हे आता तुमच्याही घरचं आहे. २०२२ पासून एनडीएत मुली आहेत, पहिल्या सतरा जणी मे २०२५ ला पास आउट झाल्या. सैनिक शाळांतही मुलींना प्रवेश आहे. नाशिकला मुलींसाठी वेगळी एसपीआय सुरू झालीय.

अबोली_३
वेलदोडा ताई, धन्यवाद!! माझी लेक आठवीत आहे, तिला आत्ता वाचायला दिलं. ती विचारतेय सायकल खांद्यावर घेऊन खरंच पळतात का?

वेलदोडा
खरंच पळतात गं. सांग तिला आत्तापासून सायकल चालवायला.

कडेकपार
मी एसएसबीला, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीला, जाऊन परत आलेला. भोपाळच्या सेंटरला. पहिल्याच दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग ग्रुपमध्ये चर्चा, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त पोरं चेस्ट नंबर काढून स्टेशनवर. मी शेवटच्या दिवसापर्यंत होतो, कॉन्फरन्स आउट, म्हणजे अगदी शेवटच्या बैठकीत बाद. तेव्हा जग संपलं असं वाटलं होतं. आज ट्रेकिंग आणि बचावकार्याच्या ग्रुपमध्ये काम करतो आणि तिथे शिकलेलं रोज वापरतो.

माणेकशांच्या गोष्टीतलं मला सर्वात भिडतं ते बापाचा नकार. आपण त्यांना व्हिलन करून टाकतो. होरमसजी स्वतः पहिल्या महायुद्धात फौजेत डॉक्टर होते, कॅप्टन. म्हणजे त्यांनी युद्ध बघितलेलं होतं. अशा माणसाला पोरगं फौजेत नको वाटलं तर त्यात नवल काय? आणि गंमत बघा, धाकटा जेमीही पुढे हवाई दलातच गेला, डॉक्टर म्हणून. दोन लेकरं वर्दीत. सॅम २२ फेब्रुवारी १९४२ ला ब्रह्मदेशात सित्तांगच्या पुलाजवळ पोटात गोळ्या लागून पडले, तेव्हा ती बातमी अमृतसरच्या त्या घरी कशी घेतली असेल? अकादमीच्या फॉर्मवर पोराची सही असते पण किंमत घरचे मोजतात. एसएसबीत मला मुलाखतीत विचारलं होतं, घरच्यांना काय वाटतं? मी ठोकून दिलं, त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. प्रत्यक्षात आईने देव पाण्यात घातले होते की निवड होऊ नये.

जुना_बाण
कडेकपार, बाळा, शाबास. आईला नमस्कार सांग.

गडकोट
होरमसजींबद्दलचा हा मुद्दा मी कधी या बाजूने पाहिलाच नव्हता. बरोबर आहे.

मीठभाकर
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊया, ताई वाट बघत असतील. माझ्या मते दारं किती आहेत ते आधी नीट बघा म्हणजे घाई वाटणार नाही. सहावीला सैनिक शाळा. हुकलं तर नववीला परत. डेहराडूनची आरआयएमसी, म्हणजे भगत गेले ते मिलिटरी कॉलेज, आठवीला. दहावीनंतर एसपीआय. बारावीनंतर एनडीए, तेही सैन्यासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, नौदल-हवाई दलाला मात्र गणित-फिजिक्स लागतं. पदवीनंतर सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची प्रवेश परीक्षा. आणि नातूच्या वडिलांसारखं शिपाई होऊन आर्मी कॅडेट कॉलेज. सॅमना १९३२ ला एकच दार होतं, तुमच्या पोराला इतकी आहेत. आत्ता नाही म्हणालात तरी काही बुडत नाही. फक्त एक, सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची इंग्रजीतूनच असते. मराठी माध्यमाच्या पोराला हा फरक मोठा आहे.

आणि शाळा बघायला घेऊन या एकदा. पोराला मैदान बघू द्या, डॉर्मिटरी बघू द्या, तिथल्या सहावीतल्या पोरांशी एकट्याला बोलू द्या. तुम्ही दोघं लांब उभे राहा.

नांगरट
हेच म्हणणार होतो. आणि गणित मी फुकट शिकवतो, ऑनलाइन, शनिवारी. सहावीच्या पेपरात तीनशेपैकी दीडशे मार्क गणिताचे आहेत, तिथेच सगळं आहे. बाकी भाषा, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान प्रत्येकी पन्नास.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री नवऱ्याने आणि मी पहिल्यांदा न भांडता या विषयावर बोललो. होरमसजींवर आलो तेव्हा नवरा जरा गप्प झाला, मग म्हणाला, आमच्या बाबांनीही मला कधी भरती हो म्हटलं नाही, का ते मी विचारलं नाही. मुलाला विचारलं तर तो म्हणतो परीक्षा देतो, पास झालो तर मग सांगतो! मला हे उत्तर आवडलं. दिवाळीनंतर सातारला जाऊन शाळा बघून यायचं ठरवलंय. मीठभाकर दादा, आधी परवानगी लागते का, आणि मुलांशी बोलू देतात का? नांगरट सर, शनिवारी किती वाजता?

मीठभाकर
आधी ऑफिसला फोन करून विचारा, सुट्टीच्या काळात जाऊ नका, पोरं नसतात. माझा एक बॅचमेट साताऱ्यातच असतो, व्यक्तिगत निरोप करतो.

नांगरट
संध्याकाळी पाच. वही आणि पाढे घेऊन बसव. एकोणतीसपर्यंत आले पाहिजेत.

तांबडी_माती
सर, आमच्या बारावीच्या चिरंजीवांनाही पाठवू का? त्याला धागा दिसला.